वाघमोडे मॅडमची भीती

सुमन वाघमोडे. आज मी जे काम करतो आणि ज्या कामावर घर चालतं, ते या बाईंनी शिकवलं. आई-वडिलांनी शाळेत घातलं, कॉलेजला पाठवलं. पण पदवीचा कागद हातात आल्यावर त्याचं पुढं काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याआधी तो कागद घरात आलाच नव्हता. वडिलांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या मागं ठेवला. मॅडम म्हणाल्या, "दत्ता, कागद राहू दे तिथं. तू हिकडं ये."

हिकडं म्हणजे परंड्यातल्या त्यांच्या संगणक वर्गात. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर खताच्या दुकानाच्या माडीवर हा वर्ग होता. जिना अरुंद, खालून सतत खताचा वास आणि वर जुने संगणक. कॉलेजात असताना मी तिथं शिकलो आणि बी.एस्सी. झाल्यावर तिथंच शिकवायला लागलो.

मॅडमबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट म्हणजे त्या फार भित्र्या होत्या. पंख्याखाली कधी बसायच्या नाहीत. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी वर्गातली सगळी बटणं बंद करायच्या आणि मुलांना भिंतीपासून लांब उभं करायच्या. एसटीत ड्रायव्हरच्या मागचं बाक मिळालं नाही तर ती गाडी सोडायच्या. "तिथनं आरशात त्याचं तोंड दिसतंय," म्हणायच्या, "जांभया द्यायला लागला की मी बोलत बसते त्याच्याशी." संध्याकाळी वर्गाला कुलूप लावून खाली आल्या की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायच्या. खतवाले शेठ रोज चिडवायचे.

"मॅडम, कुलूप काय पळून जात न्हाय."

"कुलूप न्हाय वो जात, शेठ. आपण लावलंय ही खात्री जाती."

आम्ही मुलं हसायचो. त्या रागवायच्या नाहीत. "हसा," म्हणायच्या, "पण भीत जावा. भ्यालेलं माणूस मागं वळून बघतंय. न भ्यालेलं बघतच न्हाय."

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं निघायचं आणि मॅडमची शाळा अर्ध्यातच सुटायची. परत आल्यावर वर्गात कोणता धडा चालू आहे हे शेजारणीच्या पुस्तकात डोकावून कळायचं. त्यातून ही बाई कशी शिकली, संगणकापर्यंत कशी पोचली, हे त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. विचारलं तर एवढंच म्हणायच्या, "मागं राहायची सवय होती. मागं राहिलेल्याला सगळं नीट बघून घ्यावं लागतंय."

वर्गात आम्ही पीएचपी शिकायचो. वेबसाइटच्या मागं चालणारी ही भाषा. पानावर नाव टाकून बटण दाबलं की पलीकडं जी उलाढाल होते, ती त्यात लिहितात. सगळ्या नव्या मुलांचं गाडं एकाच जागी अडायचं. वर एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्यात, नाव ठेवायचं, खाली फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा तुकडा, लिहायचं आणि फंक्शनच्या आत तेच नाव छापायला जायचं. पडद्यावर नावाच्या जागी कोरं.

"मॅडम, वर ठेवलंय की! ह्याला दिसंना झालंय," सचिन नावाचा एक मुलगा एकदा वैतागून म्हणाला.

मॅडमनी त्याला उठवलं, बाहेर जिन्याच्या तोंडाशी नेऊन बसवलं आणि दार लावून घेतलं. मग फळ्यावर एका मुलीचे गुण लिहिले आणि दाराकडं तोंड करून ओरडल्या, "सचिन, ह्यात पाच मिळव!"

"कशात?" बाहेरून आवाज आला. "मला काय दिसतंय हितनं!"

वर्ग हसला. मॅडमनी गुण एका चिठ्ठीवर लिहून ती दाराखालून सरकवली. थोड्या वेळानं त्याच फटीतून उत्तराची चिठ्ठी आत आली. बरोबर होती.

"फंक्शन म्हंजे दार लावलेली खोली," त्या म्हणाल्या. "आत काय पाहिजे ते हातानं द्यायचं, आणि आतनं निघालेलं हातानं घ्यायचं. दिलं कुणी, घेतलं कुणी, दोघांनाबी माहीत असतंय."

मग त्यांनी दार उघडलं. "आता ग्लोबल व्हेरिएबल बघा." सचिनला बाहेरूनच फळा दिसायला लागला. त्याला चिठ्ठीची गरज राहिली नाही, तो खूश झाला. पण त्यानं मान खाली घालून पेन उघडेपर्यंत मॅडमनी एका मुलीला खूण केली. तिनं हळूच जाऊन फळ्यावरचा आकडा पुसला आणि दुसरा लिहिला. सचिननं वर बघून तोच घेतला आणि त्याचं उत्तर चुकलं.

"मॅडम, म्या बरोबर वाचलं!" तो भांडायला लागला.

"वाचलंस बरोबर. पण तू वाचायच्या आधी तिथं कोण लिहून गेलं, तुला ठाव हाय का?" मॅडम हसत नव्हत्या. "ग्लोबल म्हंजे चव्हाट्यावरचा फळा. सोपा असतोय. दार लावायला नको, चिठ्ठी द्यायला नको. पण खडू कुणाच्याबी हातात."

हे त्या दर वर्गाला इतक्या पोटतिडकीनं सांगायच्या की मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय.

एका वर्षी तालुक्यातल्या एका शाळेनं मॅडमना ओळखपत्रांचं काम दिलं. मुलांची माहिती पानावर भरायची आणि एका बटणात सगळ्या शाळेची कार्डं छापून घ्यायची. मॅडमनी ते आपल्या पद्धतीनं लिहिलं, सगळं हातातून हातात देऊन. कार्डं वाटायच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेत रक्त तपासणीचं शिबिर झालं होतं, तर कार्डावर रक्तगटही पाहिजे. कार्ड छापणारं फंक्शन बऱ्याच ठिकाणांहून बोलावलं जात होतं. एक नवीन गोष्ट हातानं द्यायची तर ती सगळी ठिकाणं बदलावी लागली असती. मॅडमनी गट नावाचं व्हेरिएबल ग्लोबल केलं. एक फंक्शन शिबिराच्या यादीतून गट आणून त्यात ठेवणार, दुसरं तिथून उचलून छापणार. मी शेजारीच होतो. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "एवढ्यापुरतं." मग वर्गातल्या आम्हा सगळ्यांची माहिती घालून त्यांनी ते तपासलं. सगळी कार्डं बरोबर आली.

दोन महिन्यांनी पारूबाई नावाची एक बाई जिना चढून आली. मॅडमच्या नात्यातलीच, मेंढपाळाच्या घरातली. नातवाचं कार्ड हातात धरून हसत होती.

"सुमे, एक गंमत सांग. आमचा नातू त्या दिशी साळंतच नव्हता. मेंढरामागं हुता बापासंगं. मग ह्याचं रगत कुणी काढलं? सपनात?"

मी हसलो. मॅडमकडं पाहिलं आणि माझं हसू गेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कार्ड घेतलं, संगणकावर तो प्रोग्रॅम उघडला आणि बोट पडद्यावर ठेवून एकेक ओळ वाचत खाली गेल्या. एका जागी बोट थांबलं.

शिबिराच्या यादीत ज्या मुलाचं नाव नव्हतं, त्याच्यासाठी पहिलं फंक्शन काहीच ठेवत नव्हतं. पण आधीचं पुसतही नव्हतं. म्हणून गटात आधीच्या मुलाचा गट तसाच राहायचा, आणि दुसरं फंक्शन तो या मुलाच्या कार्डावर छापायचं. आम्ही तपासलं तेव्हा आमच्यातलं कुणी गैरहजर नव्हतं, म्हणून ते दिसलं नाही. शाळेतली गैरहजर मुलं म्हणजे मेंढपाळांचीच मुलं. सगळ्यांच्या छातीवर दुसऱ्याचं रक्त लटकत होतं.

"दत्ता," मॅडम म्हणाल्या, "मी त्यांतलीच. त्या दिवशी शाळेत कोण नसणार, हे साऱ्या तालुक्यात मला आधी आठवायला पाहिजे होतं."

मुख्याध्यापक म्हणाले, कार्डं गुपचूप बदलून टाका, गाजावाजा नको. मॅडमनी ऐकलं नाही. त्या आणि मी घरोघर गेलो. प्रत्येक दारात त्या स्वतः सांगायच्या, "हे मी चुकीचं छापलंय, परत द्या." संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळी कार्डं हातात आली. ते एक होतं पारूबाईच्या पुतण्याच्या मुलीचं, काजलचं. बिरू, म्हणजे तिचा बाप, मेंढरं घेऊन येडशीकडं गेलेला.

"काजलचं कार्ड कशाला हुडकतीस?" पारूबाई म्हणाली. "ते केव्हाच मेंढरानं खाल्लं. म्हणून तर बिऱ्यानं त्यावरचा रगताचा गट तिच्या दंडावर गोंदवून घेतलाय. तुळजापूरला दर्शनाला गेलते तवा. मशीनवाल्याकडनं. म्हणला, रानात काय झालं तर कार्ड कोण हुडकणार, हात तर संगंच असतोय."

मॅडम तिथंच ओट्यावर बसल्या. बिरूचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही बार्शीमार्गे येडशीला निघालो. मॅडमना ड्रायव्हरमागचं बाक मिळालं नाही, तरी त्यांनी गाडी सोडली नाही. मागच्या बाकावर दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या. सगळी वाट त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. नीट ऐकलं तर त्या प्रोग्रॅमच्या ओळी म्हणत होत्या, पहिल्यापासून, आणि त्याच ओळीवर येऊन पुन्हा पहिल्यापासून.

येडशीच्या फाट्यावर चहाच्या टपरीत मी मेंढरांचा तळ विचारला. टपरीवाला म्हणाला, "कंच्या मेंढरांचा? सकाळी रोडवर मेंढरांच्या एका खांडात ट्रक घुसला की. लई मेंढरं गेली. एक पोरगी पण घावली त्यात, दवाखान्यात नेली हितल्याच."

"कुणाची पोरगी?" मॅडमनी विचारलं.

"नाव कुणाला ठाव, बाई. धनगराची."

दवाखाना जवळच होता. खासगी, लहानसा. मॅडम दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी चौकट धरली. "माझ्यानं व्हायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "तू जा. तिचा दंड बघ."

मी काजलला कधी पाहिलं नव्हतं. आतल्या खोलीत कॉटवर चादर घेतलेली एक मुलगी डोळे मिटून पडली होती. सलाईनच्या स्टँडला रक्ताची पिशवी टांगलेली, आणि त्यातून लाल नळी खाली आलेली. मला पिशवीवरची अक्षरं वाचायची हिंमत झाली नाही. नर्सला मी काय सांगितलं ते आठवत नाही. मुलीचा एक हात चादरीबाहेर होता. तो कोरा होता. दुसरा चादरीखाली होता. मी ती चादर उचलली. इतकी जड चादर मी पुन्हा कधी उचलली नाही.

तो दंडही कोरा होता.

बाहेर येऊन मी ती नाही म्हणून मान हलवली. मॅडम मटकन पायरीवर बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. मग एकदम थांबल्या. "कुणाची तरी हायच की रे ती," म्हणाल्या, आणि आत जाऊन त्या मुलीच्या आईजवळ बसल्या. मुलीला रक्त मिळालं आहे आणि ती वाचेल, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

बिरूचा तळ दुपारी सापडला. रामलिंगाच्या डोंगराकडं एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतली होती. मॅडम कुत्र्यांना भीत. तळावरची दोन मोठी कुत्री भुंकत अंगावर आली, पण त्यांच्याकडं न बघता त्या सरळ चालत गेल्या. काजल कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. बाही वर खोचलेली. दंडावर हिरवीगार अक्षरं: बी पॉझिटिव्ह.

मॅडमनी बिरूला सगळं उभ्यानं सांगितलं. व्हेरिएबल, फंक्शन काही सांगितलं नाही. "दुसऱ्या पोराचा गट तुझ्या पोरीच्या कार्डावर पडला. मी छापला. माझी चूक."

बिरू काठीनं माती उकरायला लागला.

"आमी अडाणी," तो म्हणाला. "छापलेल्या अक्षरावर इस्वास ठेवला. कार्ड भिजतंय, मेंढरू खातंय, म्हणून कातड्यावर घेतलं. आता कातडंच खोटं निघालं म्हणल्यावर मी काय करू, सुमनताई? सोलून काढू?"

"आधी हिचा खरा गट बघू," मॅडम म्हणाल्या.

त्याच दिवशी काजलला धाराशिवला नेऊन तपासलं. तिचा गट ओ निघाला. तपासणाऱ्या माणसानं आम्हाला धीर दिला. म्हणाला, कुठलाही दवाखाना कार्ड वाचून किंवा हात वाचून रक्त देत नाही, आधी तपासतो, पिशवीशी जुळवून बघतो. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मॅडमकडं बघितलं.

"ते तपासत्यात," त्या म्हणाल्या, "म्हणून मी चुकायचं का?"

मग आम्ही तुळजापूरला गेलो. गोंदणारा म्हणाला, पुसता येणार नाही, वरून दुसरं काढता येईल. पारूबाईनं फोनवर सांगितलं, तुळस काढा. मशीन सुरू झालं तेव्हा काजल टकामका बघत होती. तिचा दुसरा हात मॅडमनी धरला होता, डोळे गच्च मिटून.

"मॅडम," काजल म्हणाली, "ह्यो हात सोडा की. मशीनपेक्षा तुमीच दुखवायलाव."

बिरू हसला. आम्ही भेटल्यापासून पहिल्यांदाच. मॅडमनी डोळे उघडले नाहीत.

ते वर्ष संपलं आणि मॅडमनी वर्ग बंद केला. मी खूप विनवलं. त्या म्हणाल्या, "जे दर पोराला बजावलं तेच मी केलं. आता कुठल्या तोंडानं बजावू?" संगणक एका शाळेला दिले. मला पुण्यात नोकरी लागली. निघालो त्या दिवशी स्टँडकडं जाताना त्या दिसल्या. एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागल्या होत्या. प्रत्येक प्रत मुळाशेजारी ठेवून, ओळीवर बोट फिरवत, त्या दोन्ही कागद वाचत होत्या. पुढं गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

"मॅडम, झेरॉक्स हाय ती," एक जण वैतागून म्हणाला. "मशीन काय अक्षर बदलतंय व्हय?"

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. मान वर न करता. माझी गाडी सुटायला आली होती, म्हणून मी हाक मारली नाही.

फोनवर हा विषय काढला की त्या मेंढरांचं, हवेचं बोलतात. म्हणून दोन दिवसांपूर्वी मी त्यांना पत्र पाठवलं. ते इथं देतो.

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात औषधाचा डोस एका फंक्शनातून दुसऱ्या फंक्शनात न्यायचा होता. वरचे साहेब म्हणाले, ग्लोबल करून टाक, संध्याकाळी द्यायचंय. मी नाही म्हणालो. सगळ्यांसमोर माझा आवाज कापत होता. लोक हसले. मी सगळी ठिकाणं बदलली आणि डोस हातातून हातात दिला. काम उशिरा गेलं आणि मला बोलणी बसली.

तुमची चूक लहान होती असं मी लिहिणार नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण मॅडम, माझ्या शेजारी बसणाऱ्यांना हे सगळं येतं. त्यांनी ते पुस्तकातून वाचलंय. त्यांच्यातल्या कुणीही चादर उचललेली नाही. त्यांना भीती कशी वाटते ते मला शिकवता येत नाही. मी प्रयत्न केला.

खताच्या दुकानावरची माडी अजून रिकामी आहे, मी शेठना विचारलं. ते म्हणाले, कुलूप तुमचंच आहे. मी रविवारी परंड्याला येतोय. माझी धाकटी बहीण वैशाली यंदा बारावी झाली. तिला घेऊन येतोय. हुशार आहे, हात भराभर चालतो, पण एकदा लिहिलेलं परत बघत नाही. नाही म्हणू नका.

ती कशालाच भीत नाही, मॅडम. तेवढं बघा.

तुमचा,
दत्ता